जवळचें भिंग कीं दूरचें?

परीक्षा आटोपून निकाल हातीं पडला म्हणजे, अथवा वाढदिवस जवळ आला म्हणजे, छायाचित्रणाचा छंद असलेल्या मुलामुलींच्या घरांत एक प्रश्न हटकून निघतो. कॅमेरा घेतांना त्याच्याबरोबर एक साधें भिंग मिळालेलें असतें. आतां दुसरें कोणतें घ्यावें? दुकानदार दोन भिंगें पुढें मांडतो. एक आंखूड व रुंद तोंडाचें असतें. त्याला वाइड-अँगल म्हणतात. दुसरें लांबट, नळी पुढें-मागें सरकविली कीं समोरचा देखावा लहान-मोठा करणारें असतें. तें टेलिफोटो झूम. मुलगा दुसरें भिंग डोळ्याला लावतो, रस्त्यापलीकडील पाटीवरचीं अक्षरें हाताशीं आल्यासारखीं पाहतो, आणि तेवढ्यांत त्याचा निश्चय होऊन जातो. वडील फक्त किंमत विचारतात.

हा निश्चय इतक्या घाईनें होऊं नये, आणि बहुतेक शाळकरी मुलांच्या बाबतींत तो नेमका उलट व्हावा, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. तें कां, हें विद्यार्थी व पालक या दोघांपुढेंहि मांडण्याचा येथें विचार आहे. प्रश्न वरवर पाहतां पैशाचा व यंत्राचा दिसतो. परंतु त्याच्या पोटांत आणखी एक प्रश्न दडलेला आहे, व तो आपल्या वागणुकीचा आहे.

प्रथम या दोन भिंगांचें कार्य कसें चालतें तें पाहूं. भिंगाच्या कडेवर जे आंकडे कोरलेले असतात, ते त्याचें नाभीय अंतर, कॅमेरेवाल्यांच्या भाषेंत फोकल लेंथ, मिलिमीटरांत सांगतात. विज्ञानाच्या तासाला बहिर्गोल भिंगानें दूरच्या झाडाचें प्रतिबिंब कागदावर पाडून भिंग व कागद यांमधील जें अंतर आपण मोजतों, तेंच हें. ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच अशी चौकट असलेल्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरचें भिंग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारें ४७ अंशांचा देखावा घेतें. २४ मिलिमीटरचें भिंग सुमारें ८४ अंशांचा घेतें. २०० चें सुमारें १२ अंशांचा, आणि ३०० चें अवघ्या ८ अंशांचा. म्हणजे आंकडा लहान तितका कोन रुंद. आंकडा मोठा तितका कोन अरुंद, पण त्या अरुंद कोनांतील वस्तु मात्र मोठी.

विद्यार्थ्यांजवळ असलेल्या बहुतेक कॅमेऱ्यांतील संवेदक याहून लहान असतो. तेथें हे आंकडे दीडानें, कांहीं कॅमेऱ्यांत १.६ नें, गुणून पाहावे लागतात. दीडाचा हिशेब धरला तर कॅमेऱ्याबरोबर मिळालेलें १८ ते ५५ चें भिंग सुमारें २७ ते ८२ सारखें वागतें. दुकानदारानें पुढें ठेवलेलें १० ते १८ चें वाइड-अँगल १५ ते २७ सारखें, आणि ५५ ते २५० चें टेलिफोटो ८२ ते ३७५ सारखें. घरीं असलेलें भिंग असें मधोमध बसलें आहे. नव्या दोहोंपैकीं एक त्याला डाव्या अंगानें वाढवितें, दुसरें उजव्या अंगानें.

आतां एका सर्वसामान्य गैरसमजाकडे वळूं. दूरचें भिंग वस्तु जवळ आणतें, असें आपण सर्वच म्हणतों. वास्तविक तें वस्तु मोठी करतें, इतकेंच. जवळ नेतात ते आपले पाय. हा भेद शाब्दिक वाटेल. परंतु छायाचित्रणाची अर्धी विद्या या एका भेदांत आहे, आणि कोणाहि विद्यार्थ्याला त्याची प्रचीति घरच्या घरीं घेतां येईल.

मित्राच्या नाकाच्या शेंड्यापासून ३० सेंटिमीटरांवर कॅमेरा धरावा. त्याचे कान नाकापासून सुमारें १० सेंटिमीटर मागें, म्हणजे कॅमेऱ्यापासून ४० सेंटिमीटरांवर असतील. चित्रांत नाक कानांच्या मानानें एक-तृतीयांशानें मोठें उमटेल, व मित्र रुसेल. आतां तीन मीटरांवर उभें राहून तेंच चित्र घ्यावें. नाक ३०० सेंटिमीटरांवर, कान ३१० वर. फरक जेमतेम तीन टक्क्यांचा. चेहरा आपल्या ओळखीचा दिसेल. दोन्ही वेळां भिंग तेंच होतें. बदलली ती उभें राहण्याची जागा. याच्या उलट प्रयोगहि करावा. एकाच जागेवरून २४ मिलिमीटरच्या व २०० मिलिमीटरच्या भिंगानें एकेक चित्र घ्यावें, आणि पहिल्या चित्राच्या मधला तुकडा कापून तो दुसऱ्याएवढा वाढवावा. बारकावे कमी दिसतील, परंतु वस्तूंचीं परस्पर प्रमाणें तींच राहतील. पुढचें झाड व मागचें घर यांचें नातें केसभरहि बदललेलें आढळणार नाहीं. चित्रांतील हीं प्रमाणें ठरतात तीं आपण कोठें उभे आहों यावरून. भिंग फक्त त्या जागेवरून दिसणाऱ्या देखाव्याचा किती तुकडा घ्यावयाचा तें ठरवितें.

म्हणून भिंग निवडणें म्हणजे आपण कोठें उभें राहणार हें निवडणें होय. रुंद कोनाचें भिंग हातीं असलें कीं चौकट भरण्यासाठीं मनुष्य आपोआप पुढें सरकतो. दूरचें भिंग असलें कीं तो आहे तेथेंच थांबतो, किंवा मागें सरतो. या सवयीचे परिणाम चित्रावर होतात, आणि चित्र पाहणाऱ्याच्या मतावरहि होतात.

याचें एक बोलकें उदाहरण इ. स. २०२० सालचें आहे. त्या वर्षींच्या एप्रिल महिन्यांत, करोनाच्या साथीमुळें लोकांनीं एकमेकांपासून दूर राहावें असा दंडक असतांना, डेन्मार्कमधील वृत्तछायाचित्रकारांनीं त्याच ठिकाणच्या माणसांचीं चित्रें रुंद कोनाच्या व दूरच्या अशा दोन्ही भिंगांनीं घेऊन शेजारीं शेजारीं प्रसिद्ध केलीं. एका चित्रांत माणसें ऐसपैस अंतर राखून होतीं; दुसऱ्यांत तींच माणसें खांद्याला खांदा लावून उभीं असल्यासारखीं दिसत होतीं. कारण वर सांगितलें तेंच. तीन मीटरांवरून पाहिलें तर रांगेंतील पुढचा मनुष्य ३ मीटरांवर व त्याच्या मागें दहा मीटरांवर असलेला १३ मीटरांवर येतो. पुढचा मागच्याच्या चौपटीहून मोठा दिसतो, आणि मधलें अंतर डोळ्यांत भरतें. तीच रांग ५० मीटरांवरून पाहिली तर एक ५० वर व दुसरा ६० वर. दोघे जवळजवळ सारखेच दिसतात, व मधली मोकळी जागा गिळली जाते. आषाढीच्या सुमारास दिवे घाटांतून जाणाऱ्या पालखीचीं जीं चित्रें आपण वर्तमानपत्रांत पाहतों, त्यांतील माणसांचा दाट प्रवाह पुष्कळदां अशा दूरच्या भिंगानेंच अधिक दाट झालेला असतो. यांत लबाडी आहे असें नव्हे. परंतु पाहणाऱ्याला हें ठाऊक नसेल तर तो फसतो, आणि चित्र घेणाऱ्यालाच ठाऊक नसेल तर तो नकळत फसवितो.

इतकें ध्यानीं घेतलें म्हणजे निवडीचा नियम सोपा होतो. जेथें मागें सरतां येत नाहीं, तेथें रुंद कोनाचें भिंग घ्यावें. जेथें पुढें जातां येत नाहीं, किंवा जाणें योग्य नाहीं, तेथें दूरचें भिंग घ्यावें. आणि जेथें दोन्ही शक्य आहे, तेथें नवें भिंग घेण्यापूर्वीं आपल्या पायांचा उपयोग करावा.

या नियमाच्या कसोटीला शाळकरी मुलाचें जग लावून पाहा. तें बहुतांशीं भिंतींच्या आंतलें जग आहे. स्वयंपाकघर, वर्ग, प्रयोगशाळा, गल्ली, सुताराचें दुकान, एस. टी. ची गाडी: या सर्व ठिकाणीं पाठीमागें दोन पावलांवर कांहींतरी आडवें येतें. आजी ओट्यापाशीं भाकरी थापीत आहे. तिचे हात, परातींतील पीठ, तव्यावर फुगलेली भाकरी, खिडकींतून येणारा उजेड व कोपऱ्यांत पाटावर ताट घेऊन बसलेली धाकटी बहीण, हें सारें मिळून तें चित्र होतें. ५५ ते २५० चें भिंग घेऊन त्या स्वयंपाकघराच्या दारांत उभें राहिलें तर आजीचा एक कान व अर्धी परात एवढेंच हातीं लागेल. रुंद कोनाचें भिंग मात्र मुलाला आजीजवळ नेऊन उभें करील, आणि तरीहि तिच्या भोंवतालचें घर चित्रांत राहूं देईल.

घराबाहेरचेंहि एक उदाहरण घेऊं. लोणावळ्याजवळील कार्ल्याचें चैत्यगृह सहलीच्या निमित्तानें पुष्कळ मुलांनीं पाहिलेलें असतें. सुमारें १२४ फूट लांब व ४५ फूट रुंद असें हें दालन अखंड कातळांत कोरलेलें असून दोन्ही अंगांस स्तंभांच्या रांगा व वर लांकडी कमानींच्या फांसळ्या आहेत. तेथें उभें राहिल्यावर छाती दडपते ती त्या सबंध पोकळीनें. आणि ती पोकळी चित्रांत आणावयाची तर कोन रुंदच पाहिजे. स्तंभांच्या माथ्यावर हत्तींवर बसलेल्या मूर्ति आहेत. त्यांचे चेहरे टिपावयाचे तर मात्र दूरचें भिंग हवें, कारण तेथवर कोणाला चढतां येत नाहीं. एकाच दालनांत नियमाच्या दोन्ही बाजू अशा सांपडतात. परंतु प्रथम काय दाखवावें असें विचाराल, तर प्रथम दालन दाखवावें आणि नंतर मूर्तींकडे वळावें, असेंच उत्तर येईल.

आतां वागणुकीचा प्रश्न. माणसाच्या जवळ जाऊन चित्र घ्यावयाचें म्हणजे त्याला तें कळतें. कळलें म्हणजे विचारावें लागतें. विचारलें म्हणजे दोन शब्द बोलावे लागतात, आणि कधीं कधीं नकारहि ऐकावा लागतो. दूरच्या भिंगाचें खरें आकर्षण पुष्कळांना वाटतें तें हें सारें टाळतां येतें म्हणून. बाजाराच्या एका टोकाला उभें राहून दुसऱ्या टोकाच्या भाजीवालीचा घामेजलेला चेहरा टिपावा. तिला पत्ता नाहीं, आपल्याला श्रम नाहींत. हा उंटावरून शेळ्या हांकण्याचाच प्रकार आहे. त्या बाईचें नांव काय, ती कोणत्या गांवाहून येते, पहांटे किती वाजतां निघते, यांतलें कांहींहि चित्रकर्त्याला ठाऊक नसतें, आणि म्हणून चित्रांतहि उतरत नाहीं. शाळेच्या आवारांत तर ही गोष्ट अधिकच जपून करावयाची आहे. आपल्या सोबत्याचें, विशेषतः एकाद्या मुलीचें, तिच्या नकळत दुरून चित्र घेणें व तें चार जणांना पाठविणें हा खोडसाळपणा नसून अन्याय आहे. जवळचें भिंग अशा अन्यायापासून हातांला पुष्कळसें आवरतें. कारण त्याच्या टप्प्यांत आलेला मनुष्य आपल्याकडे पाहूं शकतो.

भारतांतील पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार म्हणून ज्यांचें नांव घेतात, त्या होमाई व्यारावाला यांचें स्मरण येथें होतें. इ. स. १९१३ मध्यें नवसारी येथें त्यांचा जन्म झाला, मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेंत त्या शिकल्या, आणि स्वातंत्र्याच्या आगेमागेंचा दिल्लींतील सारा इतिहास त्यांनीं डोळ्यांपुढें पाहिला व टिपला. २०११ सालीं त्यांस पद्मविभूषण देण्यांत आलें. २०१२ मध्यें त्या निवर्तल्या. स्पीड ग्राफिक व रोलिफ्लेक्स यांसारखे त्यांचे कॅमेरे आजच्या झूमची करामत करणारे नव्हते. थोर माणसाचें चित्र हवें तर त्या माणसाच्या जवळ जावें लागे. आणि ज्याला जवळ जावयाचें त्याला जवळ येऊं देण्याइतका विश्वास आधीं मिळवावा लागे. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसों यांनींहि आपलें बहुतेक काम ५० मिलिमीटरच्या साध्या भिंगानेंच केलें. १९४८ च्या जानेवारींत गांधीजींची त्यांनीं प्रत्यक्ष भेट घेतली होती, आणि हत्येनंतरच्या दिल्लींतील शोकाचीं त्यांचीं चित्रें जगभर गेलीं. साधनें थोडीं असल्यानें त्यांचें कांहीं अडलें नाहीं.

इतकें सांगितल्यावर दूरच्या भिंगाची बाजू न मांडणें हा पक्षपात होईल. नियमाचा दुसरा भाग असा कीं, जेथें पुढें जाणें योग्य नाहीं तेथें तेंच भिंग खरें. याचें सर्वांत मोठें क्षेत्र म्हणजे पशुपक्ष्यांचें. भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. उथळ चिखलांत चोंच उलटी बुडवून ते आपलें सूक्ष्म अन्न गाळून खातात. जवळच्या भिंगाचा मनुष्य नावाड्याला ‘आणखी थोडी पुढें’ म्हणून सांगत राहतो, आणि शेवटीं सारा थवा उडतो. चित्र छान येतें. परंतु त्या पक्ष्यांचें खाणें मोडतें, आणि उडण्याचे श्रम फुकट पडतात तेहि त्यांचेच. विणीच्या दिवसांत घरट्याजवळ गेलें तर आईबाप दूर राहतात, अंडीं उन्हांत तापतात, व कावळ्याला वाट सांपडते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें पक्ष्यांचीं अंडीं व घरटीं यांना उपद्रव देण्याची गणना शिकारींतच केली आहे, हें छंदी मुलांनीं व त्यांना सहलीस नेणाऱ्या वडीलमंडळींनीं विसरूं नये.

घरट्याशीं केलेली लगट माणसालाहि महाग पडते. एरिक हॉस्किंग या इंग्रज पक्षिछायाचित्रकाराचा डावा डोळा १९३७ सालीं एका घुबडाच्या नखांनीं गेला. घरट्याजवळ उभारलेल्या आडोशाकडे तो रात्रीं चालला होता, आणि घुबडानें आपल्या पिलांसाठीं जें करावयाचें तें केलें. हॉस्किंगनें छंद सोडला नाहीं. एका डोळ्यानें त्यानें पुढें कित्येक दशकें पक्ष्यांचीं उत्कृष्ट चित्रें घेतलीं. परंतु ज्या मुलाचें मन खरोखर पक्ष्यांत रमलें आहे, जो पहांटे उठून तळ्यावर जातो व आपल्या वहींत नोंदी ठेवतो, त्याच्यासाठीं पालकांनीं दूरचें भिंग जरूर घ्यावें. त्याच्या हातीं तें भिंग म्हणजे दुसऱ्या जीवाला दिलेला मान आहे.

उलट, जवळचें भिंगहि निर्दोष नाहीं. साताऱ्याजवळील कासच्या पठारावर पावसाळ्याच्या अखेरीस रानफुलांचे गालिचे पसरतात. रुंद कोनाचें भिंग घेतलेला मनुष्य पुढचें फूल मोठें व मागचें आभाळ विस्तीर्ण दिसावें म्हणून जमिनीवर आडवा होतो, आणि एका फुलाच्या चित्रासाठीं पन्नास फुलें अंगाखालीं चिरडतो. तेथें वाटेवर उभें राहून दूरच्या भिंगानें घेतलेलें चित्रच सभ्यपणाचें. तेव्हां एक भिंग सज्जन व दुसरें दुर्जन असा निवाडा येथें द्यावयाचा नाहीं. माणसाजवळ जावें व विचारावें. रानांतल्या जीवापासून दूर राहावें. आणि त्याप्रमाणें भिंग असावें, एवढेंच म्हणणें आहे.

यावर तीन आक्षेप येण्यासारखे आहेत. पहिला असा कीं, आजकाल घरोघरीं असलेल्या मोबाइलचें मुख्य भिंगच २४ ते २८ मिलिमीटरांसारखें, म्हणजे रुंद कोनाचें असतें. मग तेंच पुन्हां विकत कां घ्यावें? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचें उत्तर पालकांना आवडेल: घेऊंच नये. मोबाइलनें किंवा कॅमेऱ्याबरोबर मिळालेल्या भिंगाच्या १८ या टोकानें वर्षभर काम करावें. काळोख्या खोलींत चित्र मळकट येऊं लागलें, पाठ भिंतीला टेकूनहि अर्धा वर्ग बाहेर राहूं लागला, तरच नव्या भिंगाचा विचार करावा. घरांत आहे तेंच साधन पुरें वापरून संपविणें ही कोणत्याहि विद्येची पहिली इयत्ता आहे.

दुसरा आक्षेप चेहऱ्यांचा. रुंद कोनानें नाक मोठें दिसतें, समूहचित्रांत कडेचीं माणसें फुगतात, कॅमेरा वर उचलला तर इमारतीच्या भिंती आंत कलतात. हेंहि खरें. म्हणून फार रुंद कोन नेहमींच्या कामाला घेऊं नये. समूहचित्रांत कडेला थोडी जागा सोडावी, कॅमेरा समतल धरावा, आणि एकट्याच्या चेहऱ्यासाठीं ५५ चें टोक वापरून दोन मीटर मागें उभें राहावें. तेवढ्यासाठीं २५० ची गरज नाहीं.

तिसरा आक्षेप क्रीडामहोत्सवाचा व स्नेहसंमेलनाचा. तेथें मैदानांत किंवा रंगमंचावर कोणाला जातां येत नाहीं. मग दूरच्या भिंगावांचून काय करावें? नियमाप्रमाणें येथें दूरचेंच भिंग हवें, हें कबूल. परंतु पालकांनीं येथें एक गोष्ट जाणून घ्यावी. स्वस्त टेलिफोटोच्या कडेवर लांब टोकाला बहुधा ५.६ किंवा त्याहून मोठा आंकडा कोरलेला असतो. हा भिंगाच्या तोंडाच्या मापाचा आंकडा. तो जितका मोठा तितका उजेड कमी. २.८ च्या मानानें ५.६ मधून एक-चतुर्थांशच उजेड आंत येतो. शिवाय भिंग जितकें लांब तितकी हाताची थरथर अधिक मोठी दिसते. ३७५ सारखें वागणारें भिंग हातांत धरावयाचें तर एका सेकंदाच्या ३७५ व्या भागाइतकी, किंवा त्याहून जलद, झांप असावी असा जुना ठोकताळा आहे. हात स्थिर करणारी नवी यंत्रणा थरथर थांबविते, पण रंगमंचावर नाचणाऱ्या मुलीला थांबवीत नाहीं. परिणाम असा होतो कीं, ज्या संमेलनासाठीं म्हणून भिंग घेतलें, त्याच संध्याकाळीं तें अंधारापुढें हात टेकतें. लांब टोकालाहि २.८ चें तोंड ठेवणारीं भिंगें मिळतात. परंतु त्यांच्या किंमती लाखांच्या घरांत जातात. अंथरूण पाहून पाय पसरावे हें येथें अक्षरशः लागू आहे. उन्हांतल्या क्रीडामहोत्सवासाठीं साधें टेलिफोटो पुरतें खरें. पण वर्षांतील तीन दिवसांसाठीं तें प्रत्येक घरानें घ्यावें काय? मोठ्या शहरांत भिंगें भाड्यानें मिळतात. त्याहून चांगलें म्हणजे शाळेच्या छायाचित्रण-मंडळानें एक बरें दूरचें भिंग सर्वांसाठीं घ्यावें, वहींत सही करून तें मुलांना द्यावें, आणि परत आल्यावर पुसून पेटींत ठेवावें. ग्रंथालयांतील पुस्तक जसें सर्वांचें, तसें हेंहि सर्वांचें होईल. आणि सामाईक वस्तु सांभाळण्याचें शिक्षण वर मिळेल.

शेवटीं एक कसोटी सुचवितों. डिजिटल कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर त्या वेळचें नाभीय अंतर नोंदवून ठेवतो. आपलीं शेवटचीं शंभर चित्रें उघडावींत, आणि १८ च्या टोकाला किती व ५५ च्या टोकाला किती घेतलीं तें मोजावें. मात्र नुसत्या मोजणीवर थांबूं नये. कारण मोजणीनें आपली गरज कळत नाहीं, सवय कळते. १८ च्या प्रत्येक चित्रापुढें विचारावें, ‘येथें मला मागें सरतां आलें असतें काय?’ आणि ५५ च्या प्रत्येक चित्रापुढें विचारावें, ‘येथें मला चार पावलें पुढें जातां आलें असतें काय?’ उत्तरें प्रामाणिकपणें वहींत मांडावींत. पुढें वाट होती पण आळस आडवा आला, किंवा विचारण्याचा संकोच आडवा आला, तीं चित्रें वेगळीं काढावींत. उरलेल्यांत ज्या बाजूचीं चित्रें अधिक भरतील, त्या बाजूचें भिंग घ्यावें. हा कागद वडिलांपुढें ठेवून मागितलेलें भिंग हट्टाचें राहणार नाहीं, व वडिलांनाहि नाहीं म्हणणें जड जाईल.

बहुतेक मुलांच्या वहींत, लेखकाचा अदमास असा आहे कीं, संकोच व आळस यांचाच रकाना सर्वांत लांब भरेल. त्याला कोणत्याहि दुकानांत औषध नाहीं. दुरून डोंगर साजरे ही म्हण आपण टीका म्हणून वापरतों. पण दुरून साजरा दिसलेला डोंगर चढून पाहावा असेंहि कोणा मुलाला वाटलें पाहिजे. विद्यार्थी मित्रहो, आपलें घर, आपली गल्ली, आपल्या गांवचीं कामकरी माणसें हा तुमचा पहिला विषय आहे, आणि तो तुमच्यापासून चार पावलांवर आहे. तीं चार पावलें आधीं चाला, नमस्कार करा, परवानगी मागा, आणि मग कॅमेरा उचला. तळ्यावरच्या पक्ष्यांसाठीं दूरचें भिंग पुढेंमागें मिळेलच; तोंवर जवळच्या माणसांकडे जवळून पाहण्याची सवय तुम्हांला लागलेली असेल.